'फोर्थविथ' म्हणजे किती लवकर?

कोर्टाच्या कागदांचे मराठी करून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले. खरेदीखते, जबाब, पंचनामे, अर्जांच्या नकला असे सगळे हाताखालून गेले. या कामात अवघड शब्दांचा त्रास फारसा होत नाही. अवघड शब्द आला की माणूस कोश उघडतो आणि मोकळा होतो. अडवतात ते सोपे शब्द. ते आपल्याला येतात असे वाटत असते, म्हणून कोश उघडला जात नाही आणि चूक कागदावर उतरून जाते.

'फोर्थविथ' हा असाच एक सोपा इंग्रजी शब्द. व्याकरणात क्रियाविशेषण, कोशात अर्थ 'लगेच'. कॉलेजातल्या मुलालाही तो अडणार नाही. पण एखादा माणूस हर्सूलच्या कारागृहात स्थानबद्ध असतो, त्याच्यावर खटला चाललेला नसतो, शिक्षा झालेली नसते, आणि त्याला आत ठेवणारा आदेश टिकतो की पडतो हे या एका शब्दावर ठरणार असते. तेव्हा 'लगेच' म्हणजे एक तास, एक दिवस की आठ दिवस, हे कुणाला तरी सांगावेच लागते. कायद्याने तिथे आकडा लिहिलेला नाही. कायद्याने तिथे एक क्रियाविशेषण लिहिले आहे.

या शब्दाचा माग काढताना मला आपल्याच मुलखातल्या काही जुन्या वाटा सापडल्या. वेग हा शब्दांत कसा मोजतात, याचा मोठा अनुभव छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, परिसराला आहे. म्हणून सुरुवात इथूनच करतो.

दौलताबादची धाव

शहरापासून पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास तिथे राजधानी हलवली आणि गावाचे नाव दौलताबाद झाले. राजधानी दख्खनेत आणि साम्राज्याचा अर्धा जीव उत्तरेत, अशी अवस्था झाल्यावर पहिला प्रश्न बातमीचा. १३३३ मध्ये सिंधच्या वाटेने हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने या सुलतानाच्या डाकेचे तपशीलवार वर्णन केले आहे. दोन प्रकारची डाक होती. एक घोड्यांची, तिला तो 'उलाक' म्हणतो. तिचे घोडे दर चार मैलांवर बदलत. दुसरी पायी माणसांची. तिचे टप्पे दर मैलाला तीन. प्रत्येक टप्प्यावर वस्ती, वस्तीबाहेर छपरी आणि छपरीत कमरा कसून बसलेली माणसे. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, तिच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटांचा आवाज आला की पुढचा माणूस उठून तयार. पत्र हातात पडले की तो सुटला.

इब्न बतूता सांगतो, की ही पायी डाक घोड्यांच्या डाकेहूनही जलद होती. सिंधहून दिल्लीला माणसाला पन्नास दिवस लागत, पण बातमी डाकेने पाच दिवसांत पोचे. खुरासानची ताजी फळे याच डाकेने येत. सुलतान दौलताबादेत असताना त्याच्या पिण्याचे गंगेचे पाणीही चाळीस दिवसांच्या वाटेवरून असेच येई. आणि एक तपशील आमच्या विषयाला फार जवळचा: मोठ्या गुन्हेगारांनाही बाजेवर घालून, त्याच धावत्या माणसांच्या डोक्यावरून, टप्प्याटप्प्याने नेत. कैदी आणि वेग यांची गाठ तेव्हापासूनची आहे.

पायी डाकेच्या टप्प्याला त्याने जो शब्द दिला आहे तो अरबी लिपीत 'दावा' असा दिसतो. अभ्यासक तो 'धाव्' या धातूशी जोडतात. म्हणजे आपली 'धाव'. मराठीत तिचे आणखी एक रूप आहे, 'धावा'. शत्रूवर करतात तोही धावा आणि संकटात देवाचा करतात तोही धावाच. पहिल्यात आपण धावतो, दुसऱ्यात दुसऱ्याने धावावे म्हणून हाक मारतो. कोर्टात दाखल होणारा बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज हा या दुसऱ्या जातीचा.

या डाकेत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्यातला एकटा माणूस घोड्यापेक्षा कधीच वेगवान नव्हता. वेग माणसाच्या पायांत नव्हता, एका हातातून दुसऱ्या हातात पत्र जाताना वेळ फुकट जात नव्हता, त्यात होता. थकलेल्याने विसावा घ्यायचा आणि ताज्याने सुटायचे. मध्ये रिकामी जागा नाही.

पालखेड

चारशे वर्षांनी त्याच मुलखात वेगाचा दुसरा धडा गिरवला गेला. शहराच्या पश्चिमेला वैजापूर तालुक्यात पालखेड आहे. चौथाई-सरदेशमुखीचा वाद विकोपाला गेला होता आणि निजामुल्मुल्काने शाहू महाराजांविरुद्ध कोल्हापूरच्या संभाजीराजांची बाजू उचलून धरली होती. १७२७ च्या पावसाळ्याअखेर बाजीराव निघाला. जालन्याकडचा मुलूख मारला, बऱ्हाणपुरावर जाण्याची हूल दिली आणि गुजरातेकडे वळला. निजामाने पाठलाग सोडून पुण्याची वाट धरली. पुणे त्याच्या हाती पडलेही. पण बाजीराव पुण्याच्या बचावाला परतलाच नाही. तो खानदेशातून उतरून औरंगाबादच्या रोखाने आला. आता आपल्याच शहरासाठी निजामाला पुणे सोडून निघावे लागले. जलद जायचे म्हणून जड तोफखाना मागे ठेवावा लागला. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडजवळ त्याच्या फौजेला वेढा पडला. दाणा-वैरण बंद, पाणी बंद. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनीही युद्धकलेच्या आपल्या इतिहासात या मोहिमेची दखल घेतली.

पालखेडचे वर्णन करताना आपण बाजीरावाच्या घोड्यांचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण घोडे निजामाकडेही होते आणि चांगले होते. फरक होता तो ओझ्याचा. मराठ्यांबरोबर तोफांचे गाडे नव्हते, बाजारबुणगे नव्हते. हलका चालतो तो लवकर पोचतो. इथे भाषेची एक गंमत आहे. संस्कृतात 'लघु' म्हणजे हलके आणि 'लघु' म्हणजेच लवकर. अमरकोशाने शीघ्र, त्वरित, क्षिप्र, द्रुत यांच्या पंक्तीत 'लघु'ला बसवले आहे. प्राकृतात त्यातली अक्षरे उलटली आणि 'हलुअ' झाले. त्यातूनच आपला 'हलका' आला आणि 'हळू'ही आला. हलके पाऊल आधी अलगद झाले, अलगदचे सावकाश झाले. संस्कृतात लवकर सांगणारा शब्द मराठीत येईपर्यंत बरोबर उलटा फिरला. वेगाचे शब्द इतके बेभरवशाचे असतात, म्हणून कायद्यात ते वापरताना भीती वाटते.

शब्दांच्या जाती

मराठीत लवकरपणा सांगणारे शब्द मोजायला बसले तर हाताची बोटे पुरत नाहीत. पण थोडे निवडून ठेवले तर त्यांच्या तीन जाती दिसतात.

पहिली जात ताकदीची आणि पायांची. 'जलद' यातला. हा फारसी 'जल्द'. संस्कृतातला ढग असलेला 'जलद' वेगळा, दोघांची गाठ केवळ कानात पडते. 'जोरात' हाही असाच. 'जोर' फारसी, अर्थ बळ. जोरात बोल म्हणजे मोठ्याने बोल, जोरात चाल म्हणजे भरभर चाल. इंग्रजीतल्या 'फास्ट'चा प्रवास हुबेहूब असाच झाला. तो मुळात 'घट्ट, पक्के' असा अर्थ सांगणारा शब्द. पक्क्या रंगाला अजूनही 'फास्ट कलर' म्हणतात. घट्टपणाने, म्हणजे नेटाने धावणे, आणि नेटाने धावता धावता वेगाने धावणे, असा तो अर्थ सरकत गेला. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचून सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राजवाड्यांनी जुनी पत्रे मोजून कारभारी मराठीतली फारसी कशी ओसरत गेली ते दाखवले. तरीही 'जलद' गेला नाही, 'जोर' गेला नाही. आज एस.टी.च्या पाटीवर 'जलद' आहे आणि मुंबईच्या लोकलच्या घोषणेतही 'जलद' आहे.

दुसरी जात घड्याळाची. 'तत्काळ' म्हणजे त्याच काळी, 'तत्क्षणी' म्हणजे त्याच क्षणी. हे शब्द अवकाश ठेवतच नाहीत. सरकारी फायलींवर 'तात्काळ' लिहिलेले कागद टेबलावर महिना महिना पडलेले दिसतात, आणि १९९७ मध्ये रेल्वेने 'तत्काल' तिकीट सुरू केले तेव्हा त्यासाठी लोक पहाटेपासून रांगा लावू लागले. शब्द फार कडक असला की कुणी तो मनावर घेत नाही.

तिसरी जात मला सगळ्यात मोलाची वाटते. या जातीचे शब्द वेगाबद्दल बोलतच नाहीत. ते दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल बोलतात. 'लगेच' पाहा. तो 'लागणे'च्या घरातला. लगत, लगोलग, लागून हे त्याचे भाऊ. एक गोष्ट दुसरीला लागून आहे, मध्ये फट नाही, एवढेच तो सांगतो. 'पाठोपाठ', 'त्याच पावली', 'हातोहात' हेही तसेच. मराठीने तर ही सोय क्रियापदातच करून ठेवली आहे: येताच, पाहताच, ऐकताच. जुन्या पत्रांतून आज्ञा येते ती 'देखत पत्र' किंवा 'पत्र पावताच' अशा शब्दांत. किती कोस तोडायचे, कोणत्या घोड्यावर बसायचे, हे ती सांगत नाही. पत्र वाचणे आणि निघणे यांच्यामध्ये काही येऊ देऊ नको, एवढे सांगते. पत्र वाटेत हरवू नये म्हणून जासूद बहुधा जोडीने पाठवीत. एक आजारी पडला तरी दुसरा पोचेल. रिकामी जागा राहू न देण्याची हीही एक तऱ्हा.

'विनाविलंब', 'अविलंब' आणि एस.टी.च्या पाटीवरचा 'विनाथांबा' हे याच जातीचे. ते गती मोजत नाहीत, अडथळा मोजतात.

आता 'फोर्थविथ'कडे वळू. 'फोर्थ' म्हणजे पुढे, 'विथ' म्हणजे सह. मध्ययुगीन इंग्रजीत या जोडीचा अर्थ होता 'सोबत, बरोबरच'. एका गोष्टीच्या बरोबर दुसरी. पुढे त्याचा अर्थ 'त्याबरोबर' असा काळाकडे सरकला. म्हणजे घडणीने हा शब्द आपल्या तिसऱ्या जातीचा आहे. 'जलद'चा नव्हे, 'लगेच'चा भाऊ. भाषांतरकाराला हे कळायला उशीर लागतो. मलाही लागला.

जानेवारी १९५६

१९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संविधान अमलात आल्यावर महिनाभरातच आला. त्याच्या तिसऱ्या कलमाने जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांना स्वतःच्या अधिकारात माणसाला स्थानबद्ध करता येई. एवढा अधिकार एका अधिकाऱ्याच्या हाती एकट्याने राहू नये म्हणून त्याच कलमात एक अट होती: आदेश काढल्यावर अधिकाऱ्याने ती गोष्ट आणि तिची कारणे राज्य सरकारला 'फोर्थविथ' कळवायची. सरकारने बारा दिवसांत मंजुरी दिली नाही तर आदेश संपला. सातव्या कलमात दुसरी अट होती: स्थानबद्धाला कारणे 'अ‍ॅज सून अ‍ॅज मे बी', म्हणजे शक्य तितक्या लवकर, आणि पाच दिवसांच्या आत कळवायची. एकाच कायद्यात घाईचे दोन वेगवेगळे शब्द आले होते.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, या प्रश्नाने १९५६ चा जानेवारी पेटला होता. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी १३ जानेवारीला काही जणांच्या स्थानबद्धतेचे आदेश काढले. त्यांत केशव नीलकंठ जोगळेकर होते. मुंबईतल्या कम्युनिस्ट चळवळीतला जुना माणूस, जी.आय.पी. रेल्वेच्या कामगारांचा पुढारी, मीरत कटाच्या खटल्यातला एक आरोपी. १६ जानेवारीला त्यांना पकडले. त्याच दिवशी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले आणि शहरात आगडोंब उसळला. मोर्चे, दगडफेक, गोळीबार. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांपैकी अनेकांचे बळी याच आठवड्यात गेले. आयुक्तांचा अहवाल सरकारकडे गेला २१ तारखेला. आदेश आणि अहवाल यांच्यात आठ दिवस.

जोगळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचा मुद्दा सरळ होता. कायद्याने 'फोर्थविथ' म्हटले आहे. आठ दिवस म्हणजे 'फोर्थविथ' नाही. म्हणून आदेश बेकायदा. सप्टेंबर १९५६ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने पहिला मुद्दा मान्य केला: 'फोर्थविथ' आणि 'शक्य तितक्या लवकर' हे एकच नाहीत. दुसऱ्यात वाजवी वेळेला जागा आहे. पहिला अधिक कडक आहे. पण तो घड्याळातला क्षणही नाही. अहवाल शक्य त्या पहिल्या क्षणी गेला का, हे पाहायचे. मध्ये काळ गेला असेल तर तो का गेला आणि तो टाळता आला असता का, हे विचारायचे. जो उशीर टाळता येण्यासारखा होता तो अधिकाऱ्याच्या माथी. जो त्याच्या हातात नव्हता तो नाही. दंगलीच्या त्या आठवड्यात पोलीस यंत्रणा शहर सावरण्यात गुंतली होती, हे कारण न्यायालयाला पटले. अर्ज फेटाळला गेला.

मराठी माणसाला या निकालात एक कडू उपरोध जाणवतो. मुंबईसाठी जी माणसे रस्त्यावर उतरली, त्यांच्या आंदोलनानेच झालेली धावपळ आंदोलनाच्या काळात आत टाकलेल्यांविरुद्ध उशिराचे समर्थन ठरली. दंगल झाली नसती तर आठ दिवसांचे उत्तर देणे सरकारला जड गेले असते. निकालाविषयी मतभेद असू शकतात; मलाही तेरा ते सोळा तारखेचे दिवस अजून खटकतात, कारण दंगल सोळाला सुरू झाली. मात्र त्या निकालाने जो प्रश्न घालून दिला तो उत्तम आहे. 'किती दिवस लागले?' असे विचारण्याऐवजी 'मधल्या दिवसांत तुम्ही काय करत होता?' असे विचारायचे. दौलताबादच्या वाटेवरच्या डाकेचाही हाच हिशेब होता.

या प्रश्नाची धार पुढे दुसऱ्या बाजूनेही चालली. २०१८ मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात जिल्हादंडाधिकाऱ्यांनी राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालचा अहवाल पाचव्या दिवशी पाठवला होता. सर्वोच्च न्यायालयाने हाच निकष लावला. उशिराचे कारण सांगण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली, आणि समाधानकारक कारण नाही म्हणून स्थानबद्धता रद्द केली. आठ दिवस एकदा चालले, पाच दिवस एकदा चालले नाहीत. आकड्याने मोजणाऱ्याला हे विसंगत वाटेल. फट मोजणाऱ्याला वाटणार नाही.

कळवणे म्हणजे काय

लवकर कळवले, पण न कळणाऱ्या भाषेत कळवले, तर? हा प्रश्नही महाराष्ट्रातूनच गेला. नागपुरात स्थानबद्ध केलेल्या एका माणसाला आदेश आणि कारणे इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीतून मागितली. उत्तर आले, की कारणे तुला तोंडी समजावून सांगितली आहेत आणि राज्यकारभाराची भाषा इंग्रजी आहे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर नाकारले. कळवणे म्हणजे माणसाला आपली बाजू मांडता येईल इतके कळणे. त्याला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी दिले नाही तर संविधानाने दिलेला हक्क कागदावरच राहतो. त्याची सुटका झाली.

आमच्या धंद्याची खरी प्रतिष्ठा या निकालात आहे. भाषांतर हे टपालातले शेवटचे पाऊल आहे. तिथे घंटा वाजली नाही तर आधीच्या सगळ्या टप्प्यांची धाव वाया. वाईट भाषांतर हाही विलंबच आहे. फक्त तो तारखेच्या शिक्क्यात दिसत नाही.

आमच्या भागात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू. इथल्या जुन्या वकिलांच्या तोंडी 'फोर्थविथ'साठी 'फौरन' होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. जोगळेकरांचा निकाल लागला त्या सप्टेंबरनंतर दीड-दोन महिन्यांत. उर्दू गेली, इंग्रजी आली आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठी हळूहळू टेबलावर चढू लागली. एका पिढीत पक्षकाराने 'फौरन', 'फोर्थविथ' आणि 'तात्काळ' असे तीन शब्द ऐकले. त्याचे काम तिन्हीत बहुधा सारख्याच वेळात झाले असेल.

१९८१ आणि नंतर

१९८१ या एका वर्षात आमच्या शहराच्या दृष्टीने दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज औरंगाबादेत सुरू झाले. त्या निर्णयाला आव्हान मिळाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, निर्णय टिकला आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. आणि त्याच वर्षी राज्याने तो कायदा केला ज्याला पोलीस, पत्रकार आणि पक्षकार सगळेच 'एमपीडीए' म्हणतात. त्याच्या तिसऱ्या कलमात १९५० च्या कायद्याचेच शब्द उतरले आहेत: आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने राज्य सरकारला 'फोर्थविथ' कळवावे.

खंडपीठ येण्यापूर्वी नांदेड-लातूरच्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे मुंबई. मीटरगेजच्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून पुढे. बंदी प्रत्यक्षीकरणाच्या अर्जात कायदा म्हणतो ती घाई करायची कशी? कागद गोळा करा, वकील शोधा, मुंबईत उतरायची सोय पाहा. तुरुंगातल्या माणसाच्या घरच्यांना हे सगळे 'लवकर' करायचे असे. खंडपीठाची मागणी 'जवळ' या शब्दाने झाली, पण तिचा खरा अर्थ 'लवकर' हाच होता. मराठीत 'लवकर' हा शब्द मोठा समंजस आहे. लवकर चल म्हणजे वेगाने चल. लवकर उठ म्हणजे वेळेआधी उठ. न्यायाला दोन्ही लागते.

आता समृद्धी महामार्ग शहराच्या कडेने जातो आणि ताशी १२० किलोमीटरची मर्यादा त्याच्यावर लिहिलेली आहे. अहवाल ई-मेलने जातो. जोगळेकरांच्या वेळची आठ दिवसांची सबब आज कुणी सांगू धजणार नाही. पण फट अजून पडते. सही राहते, जोडपत्र राहते, आणि पुष्कळदा भाषांतर राहते.

मग 'फोर्थविथ'चे मराठी काय करायचे? 'तात्काळ' मी पूर्वी लिहीत असे. आता लिहीत नाही. तो क्षणाचा आग्रह धरतो आणि न्यायालयाने तो आग्रह धरलेला नाही. 'शक्य तितक्या लवकर' तर मुळीच नाही. ते दुसऱ्या कलमातले शब्द आहेत आणि दोघांत फरक आहे हे जोगळेकरांनी, खटला हरूनही, आपल्याला मिळवून दिले आहे. उरतात 'विनाविलंब' आणि 'लगेच'. कायद्याच्या उताऱ्यात मी 'विनाविलंब' लिहितो. निकालातला प्रश्न विलंबाचाच आहे आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो शब्द उत्तर मागतो.

एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात एका स्थानबद्ध मुलाच्या आईने मला तो कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. 'विनाविलंब' पाशी ती थांबली. म्हणाली, "म्हंजी कधी?" मी म्हटलं, "लगेच. आदेशाला लागूनच." तिने कागदावरच्या दोन तारखांवर बोट ठेवले, एक वरची, एक खालची, आणि विचारले, "मग हे मधले दिवस?"

तिला कायदा येत नव्हता. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये विचारलेला प्रश्न तिने बरोबर विचारला होता. तिच्या वकिलाने तो पुढे न्यायमूर्तींसमोर मांडला. शब्दाचा अर्थ तिला आधीच कळला होता, मी फक्त त्याला मराठी नाव दिले.